वन्संना न दिलेल्या सात कॅपसूल

लग्नापासून मी वन्संना कशालाच नाही म्हटलं नव्हतं. वन्सं म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण, काष्टी गावच्या. लग्नानंतर मला कॉलेज पुरं करता आलं, ते वन्सं सासूबाईंशी भांडल्या म्हणून. त्यामुळे त्यांनी मागावं आणि मी द्यावं, मग साडी असो की लोणच्याची बरणी, अशीच रीत पडली होती. गेल्या वर्षी मी ती मोडली.

माझी दाढ सुजली होती. दाताच्या डॉक्टरांनी पाच दिवस, दिवसातून तीनदा घ्यायच्या कॅपसूल दिल्या. मी कॅलेंडरच्या मागे पंधरा चौकोन आखले. कॅपसूल घेतली की एक फुली. तिसऱ्या दिवशी दुपारी आठवी फुली मारली तेव्हा ठणका थांबला होता, सूजही उतरली होती. खरं सांगते, मलाही वाटलं, आता पुरे.

त्याच दुपारी वन्सं सावेडीला आमच्याकडे आल्या. घसा धरलेला, अंगात कणकण. टेबलावरची कॅपसूलची पट्टी त्यांनी उलटसुलट करून पाहिली.

"तुझी दाढ ठणकायची राहिली ना? मग ह्या उरलेल्या मला दे. घसा लई दुखतोय."

"वन्सं, त्या दाढेसाठी आहेत."

"दाढ आन् घसा काय लांब हाय व्हय? एकाच तोंडात तर हायेत!"

मला हसू आलं, त्यांना नाही. त्यांनी माझ्या शिवणाच्या डब्यातून कात्री काढली. आपल्याकडे पट्ट्या अशाच कापून वाटतात. औषधाचं नाव एका घरी, तारीख दुसऱ्या घरी. मीही वाटल्या आहेत. इंग्रजी वाचता येतं म्हणून अख्खी गल्ली माझ्याकडे यायची आणि मी जणू डॉक्टरच असल्यासारखी औषधांचा डबा उघडायची.

मी पट्टीवर हात ठेवला. "नाही देणार."

"काय म्हनलीस?"

"नाही देणार. मला सांगितल्यात तेवढ्या मी घेणार. तुम्हाला काय लागतं ते तुमचा घसा बघून डॉक्टर सांगतील. चला, रिक्षा बोलावते."

"लई मास्तरीन झालीस! कालेजात तुला कुनी घातली गं?"

हे वर्मी लागलं. हात मात्र मी उचलला नाही. "तुम्हीच घातलीत. म्हणूनच नाही म्हणतेय."

शेवटी त्या रिक्षात बसल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "आजी, पूर्वी कुठल्या औषधाचा त्रास झाला होता का?"

वन्सं नाही म्हणता म्हणता थांबल्या. "धाकट्याच्या बाळंतपनाच्या येळंला एक सुई दिल्ती. व्हट सुजलं, आंगभर गांधी उठल्या, दम लागला. पेनिसिलीन म्हनले हुते."

मी पर्समधून माझी पट्टी काढून दाखवली. डॉक्टरीणबाईंनी नाव वाचलं, ते पेनिसिलीनच्याच कुळातलं औषध निघालं. त्यांनी वन्संच्या कागदावर लाल शाईनं 'पेनिसिलीन चालत नाही' असं लिहिलं आणि बजावलं, "यापुढे प्रत्येक डॉक्टरला हे आधी सांगायचं." इतक्या वर्षांत मी वन्संना हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

घसा तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला अँटिबायोटिक लागतच नाही. मिठाच्या गुळण्या, तापाची गोळी. तीन दिवसांत उतार पडला नाही किंवा त्रास वाढला तर परत यायचं.

"गुळन्या तर मी काष्टीतबी केल्या असत्या," परतताना वन्सं म्हणाल्या.

जेवण झाल्यावर त्यांच्यासमोरच मी नववी कॅपसूल घेतली आणि फुली मारली. पुढे पंधराही भरल्या. भावजयीनं चार गोळ्यांसाठी हात आखडला, असं वन्सं अजून काष्टीभर सांगतात. सांगू देत. सांगायला त्या आहेत.

तुम्ही दोघं तिकडून फोनवर विचारता, "आजी, मागची गोळी उरलीय, घेऊ का? रूममेटची चालेल का?" नाही. रुसायचं असेल तर खुशाल रुसा.