पुसलंय हे कळणार कसं?

भजनी मंडळात भजनं किती बसली ते देवाला ठाऊक, किस्से मात्र न बसवताच बसतात! नव्वदच्या दशकात बंगळूरला आमचं मंडळ दर गुरुवारी सुधाक्काकडे जमायचं. आम्ही बाकीच्या, नवऱ्यांच्या बदल्यांमागे पुण्या-नागपूरहून आलेल्या. अक्का मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची बंगळूरकर. पेटी तिच्याकडे आणि आवाजही तिच्याकडेच. तिनं वरचा सा लावला की आम्ही टाळ वाजवायला विसरायचो.

पण तिला दमा होता. गुरुवारी तर हमखास उठायचा! बिचारी ओळ अर्ध्यावर सोडून पंप शोधायची.

*

पहिला संशय हवेवर. "बंगळूरची हवाच तशी!" असं आम्ही उपऱ्या बायका तिला समजवायचो.

"आमच्या आज्या-पणज्यांना मानवली की! मलाच काय झालं?" अक्का म्हणायची.

शेवटी हवापालटाला धारवाडला बहिणीकडे गेली. तिथं आयतं जेवण आणि गप्पा. परत आली ती गातच! आल्या आल्या बंद घर उघडलं, पदर खोचला आणि ब्लीचिंग पावडर, अ‍ॅसिड, फिनेल सगळं बाहेर काढलं. संध्याकाळी पंप तोंडात.

सोबत गेलेले तिचे यजमान, आमचे अण्णा, ठामपणे म्हणाले, "स्टेशनवर उतरलो तेव्हाच मी म्हटलं होतं, हवा फार गार आहे!"

*

एकदा धाप इतकी लागली की डॉक्टरांना घरी बोलवावं लागलं. अण्णा त्यांना आणायला गेले, तेवढ्यात हिनं धापा टाकत फिनेलनं सगळी फरशी पुसून काढली! का, तर "परका माणूस येणार, घर बरं दिसायला नको?"

डॉक्टरांनी छाती तपासली, एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "घर एकदम क्लीन आहे हं! म्हणजे घरात तर काही दोष नाही."

*

पुढे एक लेडी डॉक्टर भेटल्या. त्यांनी औषधाआधी विचारलं, "घर कशानं पुसता?" उत्तर ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. फिनेल, अ‍ॅसिड, पावडर सगळं बंद! झाडू-फडकं दुसऱ्याच्या हाती, आणि तेही साध्या पाण्यानं.

अक्का हिरमुसली. "सरी, ठीक आहे. पण वास आला नाही तर पुसलंय हे कळणार कसं?"

तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो होतो. आता ते वाक्य आठवलं की गलबलून येतं.

*

फडकं अण्णांच्या हाती गेलं. त्यांचं पुसणं म्हणजे फरशीवर नुसते नकाशे! पण घराची लकाकी गेली आणि अक्काचा आवाज परत आला. एका गुरुवारी ती अख्खा अभंग गायली, मध्ये एकदाही न थांबता. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून डोळे पुसत होते.

निघताना आमच्यातल्या कुलकर्णीबाईंनी लाडानं पेटीवरच्या धुळीत बोटानं 'श्री' काढला. "अण्णांच्या राज्याचा श्रीगणेशा!" सगळ्या हसल्या. अक्काही हसली.

पुढच्या गुरुवारी आम्हाला जिन्यातच फिनेलचा वास आला.

पेटी लखलखत होती. अक्कानं ती कुलकर्णीबाईंच्या पुढे सरकवली आणि म्हणाली, "आज तुम्ही गा. मी स्वल्प टाळ धरते."