ऑपरेशनआधीचं अभिनंदन

माझा धाकटा भाऊ गोलकीपर होता. हे आधी सांगते, कारण आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत माणसाची ओळख इथूनच सुरू होते. कुठल्या तालमीकडनं फुटबॉल खेळतो, आणि कुठल्या जागेवर. नोकरी, शिक्षण, लग्न हे सगळं मागनं. तो शिरोलीकडच्या एका फौंड्रीत कामाला होता, पण त्याला कुणी विचारलं काय करतोस, तर तो गोलात असतो म्हणूनच सांगायचा. मी त्याची थोरली बहीण, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. माझं सासर माहेरापासून दोन गल्ल्या पलीकडं, त्यामुळं माहेरात काय शिजतंय ते मला आधी कळायचं आणि मी तिथं आधी पोचायची.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका पावसाळ्यात त्याला मेंदूज्वर झाला. बरेच दिवस दवाखान्यात होता. आम्ही त्याच्या जिवाचीच आशा सोडली होती, आणि मग एके सकाळी त्यानं डोळे उघडले, पाणी मागितलं, आईला ओळखलं. आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. त्यानं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "तुम्ही सगळी गप का बसलाय?"

दोन्ही कान गेले होते. आई म्हणाली जीव वाचला तेच लई झालं, कानाचं काय ते होईल. पण आमच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. ते म्हणाले, साध्या मशिनचा याला उपयोग नाही, आत बसवायचं यंत्र लागेल, कॉक्लिअर इम्प्लांट. आणि मेंदूज्वरानं गेलेल्या कानाचं एक वाईट असतं. कानाच्या आत शंखासारखी पोकळी असते, तिच्यात हळूहळू हाड भरत जातं. एकदा ती पुरती भरली की यंत्राची तार आत सरकवता येत नाही, मग पैसा ओता नाहीतर नवस बोला. म्हणून आधी पुण्याला तपासणी, कान यंत्र बसवण्याजोगे आहेत का ते बघायला. आणि ही तपासणी लवकरात लवकर. हे ऐकल्यापासून मला एकच दिसायला लागलं, माझ्या भावाच्या कानात हाड भरतंय. शाळेत फळ्यावर लिहिताना, भाकरी थापताना, आत्ता किती भरलं असेल हाच विचार.

फौंड्रीनं कामगारांचा मेडिक्लेम काढला होता, तेवढाच आधार. त्या यंत्राची किंमत ऐकून वडील भिंतीला टेकून खालीच बसले होते. मी विमा कंपनीच्या कोल्हापूरच्या ऑफिसात गेले, तर तिथले साहेब म्हणाले, तपासणीसाठी दोन दिवस भरती व्हावं लागतं, म्हणजे आधी मुंबईच्या हेड ऑफिसची परवानगी. परवानगीशिवाय तपासणी केली तर पुढचं ऑपरेशनही विम्यात बसणार नाही, अख्खी फाईलच बंद. म्हणजे दागिने मोडून परस्पर पुण्याला जायचीही सोय ठेवली नव्हती. कागद मुंबईला गेले आणि आम्ही पोस्टमनची वाट बघत बसलो.

मुंबईनं पहिल्यांदा विचारलं, हा माणूस जन्मापासून बहिरा आहे का? तसं असेल तर विमा लागू नाही. मी ते पत्र वाचलं आणि शाळेच्या स्टाफरूममध्येच जे बोलले, ते शिक्षिकेनं बोलायचं नसतं. याला आधी ऐकू येत होतं हे सिद्ध करा म्हणे. आता माणसाला ऐकू येत होतं याचा कुणी दाखला काढून ठेवतं का? आमच्या तालमीच्या अध्यक्षांनी लेटरहेडवर लिहून दिलं की सदर खेळाडू पंचांची शिट्टी ऐकून खेळत होता. मी ते गुमान पिशवीत ठेवलं. नशिबानं फौंड्रीत दरवर्षी कामगारांचे कान तपासायचे, भट्टीच्या आवाजासाठी. ते रिपोर्ट मिळाले. कागद परत मुंबईला. यात दिवाळी येऊन गेली.

भाऊ मात्र रोज तालमीत जायचा. त्यानं सराव सोडला नाही. समोरच्यांचं ओरडणं ऐकू येत नाही, तर बॅकला खेळणाऱ्या पोरांनी हातानं खुणा करायला सुरुवात केली, आणि चार आठवड्यांत त्यांची आपली एक भाषाच झाली. घरी त्याच्याशी बोलायला मी पाटी आणि खडू आणून ठेवला होता. स्वतःचा आवाज त्याला ऐकू यायचा नाही, म्हणून तो बोलायचा ते सगळ्या गल्लीला कळायचं. आई म्हणायची, हळू रे. मी म्हणायची, बोलू दे त्याला.

आता मुख्य घोटाळा सांगते. तो दुसरीकडं कुठं झाला नसता.

तेव्हा फ्लेक्सचे बोर्ड नवीन आले होते आणि आमच्या पेठेला त्यांचं वेड लागलं होतं. वाढदिवस, बारसं, निवड, बढती, कशालाही बोर्ड. आणि आमच्याकडं अभिनंदनाला कारण लागतं, पण ते आधी घडलंच पाहिजे असं काही नाही. निकालाच्या आधी पास झाल्याचे बोर्ड लागलेले मी बघितलेत. तर आमची फाईल परत मुंबईला गेली एवढं कळल्यावर तालमीच्या पोरांनी ठरवलं की आता झालंच. एके सकाळी मी शाळेला निघाले आणि चौकात थांबलेच. बारा फूट उंचीचा माझा भाऊ, हातमोजे घातलेला, झेप घेतलेला, आणि वर ठळक अक्षरात, 'कानाच्या यशस्वी ऑपरेशनबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे फोटो, निम्म्यांना गॉगल. त्यात एका कुत्र्याचाही फोटो होता.

मी तालमीत गेले आणि अध्यक्षांना तिथल्या तिथं फैलावर घेतलं. ते माझ्यापेक्षा वयानं मोठे, पण पेठेतल्या लेकीला उलट बोलायची सोय नव्हती त्यांना. म्हणाले, आक्का, होणारच हाय की, आज लावला काय नि उद्या लावला काय. पोरांनी आपापसात वर्गणीची पट्टी काढून लावलाय, उतरवायला सांगू नका, लागंल त्यांना. आणि खरं सांगू का, मीही सोडून दिलं. पोरांची माया होती ती. भाऊ तर रोज जाता-येता आपला फोटो बघून खूश.

त्याच आठवड्यात विमा कंपनीचा चौकशीचा माणूस पत्ता पडताळायला आला. चौकात उतरून त्यानं भावाचं नाव विचारलं, तर चार जणांनी बोटानं बोर्डच दाखवला. त्यानं फोटो काढला, वर तालमीत चहा घेतला, आणि निघून गेला.

पत्र आलं. परवानगी न घेता ऑपरेशन आधीच उरकल्याचं आढळून आलं आहे, सबब प्रस्ताव स्थगित. मी ते पत्र हातात घेऊन चौकात बोर्डाखाली उभी राहिले. रडू येत होतं का हसू, मला सांगता येणार नाही. राग मात्र असा आला होता की त्या कुत्र्यालासुद्धा मी सोडलं नसतं.

अध्यक्षांना हे कळल्यावर ते खरंच हादरले. रात्रभर झोपले नाहीत म्हणे. आणि त्यांनी आपल्या परीनं चूक दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बोर्डाशेजारी तेवढाच मोठा दुसरा बोर्ड लागला, 'जाहीर खुलासा. ऑपरेशन झालेले नाही.' खाली तेच सगळे शुभेच्छुक. त्याचा फोटो पोरं मोठ्या उत्साहानं विम्याच्या ऑफिसात देऊन आली. साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि दोन्ही फोटो टेबलावर ठेवले. म्हणाले, मॅडम, यातलं खरं कुठलं मानायचं? मी डॉक्टरांचं पत्र पुढं केलं. ते म्हणाले, पाठवतो, मुंबई पुन्हा चौकशी लावेल, त्याला वेळ जाईल. वेळ! मी त्यांना शंखाचं सांगितलं, हाडाचं सांगितलं. ते वाईट नव्हते. पण माझ्या हातात काय आहे, एवढंच म्हणत राहिले.

त्या संध्याकाळी मी भावाला पाटीवर सगळं लिहून दाखवलं. ऑपरेशन झालं असं म्हणतात ते. त्यानं सगळं वाचलं. मग विचारलं, ऑपरेशनला कुठं कापतात? मी त्याच्या कानामागं बोट फिरवून दाखवलं. त्याचे केस मानेपर्यंत रुळणारे होते. पोरी त्या केसांसाठी स्टेडियमच्या महिला स्टँडात येतात, असं तालमीत म्हणायचे. त्यानं मान डोलावली आणि जेवायला बसला.

सकाळी तो न्हाव्याकडं जाऊन डोकं चकोट करून आला. आमच्यात पुरुष असा गुळगुळीत होतो तो घरात कुणी गेल्यावर. न्हाव्यापासून घरापर्यंत त्याला कुणीकुणी विचारलं असेल, पण त्याला ऐकू कुठलं येतंय. तो आपला ताठ चालत आला. मागोमाग शेजारची माणसं तोंडं पाडून आमच्या दारात. दार वडिलांनीच उघडलं. एक काकू त्यांना बघून मटकन पायरीवर बसल्या. आईनं लेकाचं डोकं बघितलं आणि वडील समोर जिवंत उभे असताना हंबरडा फोडला. हे सगळं निस्तरून मी त्याला पाटीवर विचारलं, अरे हे काय? तो म्हणाला, "आक्का, चल. साहेबाला दाखवू."

मी शाळेत रजा टाकली. आणि त्याच्या मागोमाग निघाले. ऑफिसात गर्दी होती. भाऊ सरळ साहेबांच्या टेबलापुढं गेला. नमस्कार केला, आणि वाकून डोकं त्यांच्यासमोर धरलं.

"साहेब, हात लावून बघा. कुठं कापलंय दाखवा."

त्याच्या आवाजाला माप नव्हतं. अख्खं ऑफिस थांबलं. टाईपरायटर थांबले. साहेब गांगरले, अहो बसा बसा म्हणाले, पण ते त्याला ऐकू येत नव्हतं आणि खाली घातलेल्या मानेनं ते दिसतही नव्हतं. तो तसाच वाकून उभा राहिला. मी त्याला उठवू शकले असते. नाही उठवलं. माझा सहा फुटी भाऊ, ज्यानं पेनल्टीला कधी मान खाली घातली नाही, तो आपल्या कानासाठी भर ऑफिसात डोकं वाकवून उभा होता, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. ऊर भरून आला माझा. बघा म्हटलं सगळ्यांनी, नीट बघा.

शेवटी साहेब उठले. चष्मा सारखा केला आणि त्याच्या दोन्ही कानांमागं बोटं फिरवून बघितलं, आईनं तापात कपाळ बघावं इतक्या हलक्या हातानं. मग त्याच्या खांद्याला धरून त्याला उभं केलं. मुंबईला फोन लावला आणि म्हणाले, मी स्वतः हात लावून खात्री केलेली आहे, माझ्या सहीनं लिहून पाठवतोय. फॅक्स माझ्यासमोर गेला. आठवड्याच्या आत तपासणीची परवानगी आली, आणि कान यंत्राजोगा निघाला तर ऑपरेशनचीही. तालमीत पेढे वाटले. बोर्ड मात्र लावायचा नाही, अशी मी अध्यक्षांकडून शपथ घेतली होती.

आम्ही दोघंच पुण्याला गेलो, एस.टी.नं. दोन दिवस तपासण्या चालल्या. स्कॅनच्या त्या नळीसारख्या मशिनमध्ये तो निवांत पडून राहिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी फिल्म उजेडावर लावली आणि मला समजावलं. डाव्या कानाचा शंख पूर्ण पांढरा होता. भरला होता. तो गेला, म्हणाल्या. उजव्यात तोंडाशी थोडं हाड आलंय, पण वाट अजून उघडी आहे.

माझ्या डोळ्यांपुढं ते सगळे महिने आले. जन्मापासून बहिरा आहे का, विचारणारे. चहा पिऊन गेलेला. दिवाळी. दोन्ही कान वाचले असते का, मी विचारलं. बाई म्हणाल्या, आता ते कुणालाच सांगता येणार नाही. मी लिहायला पिशवीतनं पाटी काढली. भावानं फिल्मकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. त्याला कळलंच. त्यानं विचारलं, किती राहिले? मी एक बोट वर केलं आणि तिथंच हमसून रडायला लागले.

त्यानं माझं ते बोट धरून खाली केलं.

"एक हाय न्हवं? मग रडतीस कशाला?"

खोलीबाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं असेल. मग तो डॉक्टरीणबाईंकडं वळला, खुर्ची पुढं ओढून त्यांच्या ओठांवर नजर लावली, आणि कधी करताय, विचारलं. बाईंनी पाटी मागितली नाही. त्याच्या नजरेला नजर देऊन, एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, "याच आठवड्यात."

त्यानं ते ओठांवरून वाचलं. मला सांगायची गरज पडली नाही.