चांदीची वेणी
शेवंतीचा वास आला की मला १९६०च्या दशकातलं अमरावतीचं ते प्रदर्शन आठवतं. मुंबईत दागिने-धातुकामाचं शिक्षण घेताना मी घडवलेली चांदीची वेणी तिथं मांडली होती. आमचे सर ती पाहत असताना अकोल्याच्या बाजारात फुलं विकणारी माझी आई म्हणाली, “फुलांत लय जागा सोडली वं, सरकतीन ना!” मी लाजले. सरांनी वेणी हलवली, तर फुलं खरंच सरकली. “गुंफण यांच्याकडूनच शिकलीस ना?” असं विचारून त्यांनी वेणीशेजारच्या माहितीच्या कार्डावर मार्गदर्शक म्हणून आपल्या नावाआधी आईचं नाव लिहिलं. “काय लिवलं वं?” आईनं विचारलं. मी वाचून दाखवलं. पुढे मानपत्रं पुष्कळ मिळाली, पण इतक्या अभिमानानं मी काहीच वाचलं नाही. आईनं ती ओळ तीनदा वाचायला लावली, आणि तिसऱ्यांदा सारं दालन ऐकत होतं.