तलवार ज्याच्या नशिबात होती

दुपारी आम्ही शेजारच्या बायका काकूंच्या छपरीत बसून बिड्या वळायचो. चौथीपर्यंत शिकलेली मी एकटीच, म्हणून मी पुस्तक वाचायचे आणि माझ्या वाट्याच्या बिड्या बाकीच्या वळून द्यायच्या. एरवी चारचौघींत माझ्या तोंडून शब्द निघत नसे. वाचताना मात्र निघायचा, म्हणून ती दुपार मला हवीशी वाटे.

एकदा माझ्या मुलीने शाळेतून जादूच्या तलवारीची गोष्ट आणली. ती तलवार एका राजपुत्राच्याच हातात चमकणार होती, कारण त्याच्या जन्माआधीच तसं ठरलं होतं. काकूंनी मांडीवरचं पानं-तंबाखूचं सूप खाली ठेवलं.

“काऊन वो, यानं केलं काय असं?”

“अजून काही नाही,” मी म्हटलं.

“मंग याच्यापायी मी तुया बिड्या कायले वळू? बसल्या जागी भेटलं त्याले, माया जेठासारखं.”

सगळ्या हसल्या; काकूंच्या थोरल्या दिराला घरचं सगळं आयतं मिळालं होतं. काकूंना जादूचा राग नव्हता, भुताच्या गोष्टी त्या मन लावून ऐकायच्या.

“ठेव ते पुस्तक अन् घे पानं,” त्या म्हणाल्या.

मी घाईने पुस्तकाची पानं चाळली. राजपुत्राला पुरातून पलीकडे नेताना एका नावाडणीचे हात सोलून निघतात, एवढं सापडलं.

“एक नावाडीण आहे. तिचं वाचू?”

काकूंनी सूप परत मांडीवर घेतलं.

नंतर जिथे नावाडीण येई, तेवढंच मी सावकाश वाचत गेले. तलवारीचं काय झालं, ते कोणी विचारलं नाही.