खाडीतली भिंत

माहीमच्या खाडीकाठी सरकारने एक फलक लावलाय. 'पाणलोट पुनरुज्जीवन व मत्स्य अधिवास संवर्धन'. खाली लाल-पिवळ्या माशाचं चित्र. तसला मासा या खाडीत कधीच नव्हता. तो लोकांच्या दिवाणखान्यात, काचेच्या पेटीत असतो. तिथून जाताना माझं डोकं फिरतं. फलकामागची दगडी भिंत ज्या तांत्रिक अहवालावर उभी राहिली, तो अहवाल माझा होता.

निधी आला होता सगळ्या पाणलोटासाठी. वरचे नाले अडवायचे, गटारांचं आणि कारखान्यांचं पाणी साफ करूनच पुढे सोडायचं, म्हणजे खाडीत मासे परत येतील, असं आमच्याच कार्यालयाने मांडलं होतं. प्रत्यक्षात एकाही नाल्याला हात लागला नाही. नाल्यावर वस्ती, वस्तीवर पुढारी. तिथलं काम मार्चअखेर संपत नाही. भिंत संपते. तिच्यापुढे उभं राहून फोटोही काढता येतो.

खाडीच्या तोंडाशी चिखलाचा एक पट्टा होता. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात, सकाळी सहाच्या ओहोटीला, तो पूर्ण उघडा पडे आणि कोळणी त्यात हात घालून शिंपल्या काढत. आम्ही पाहणीला गेलो अष्टमीला. त्या दिवसांना भांग म्हणतात. भरती धड चढत नाही, ओहोटी धड उतरत नाही, पट्टा पाण्याखालीच राहतो. मी मालवणकडचा, भांग मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. साहेबांना म्हटलं, अमावस्येपर्यंत थांबू. ते म्हणाले, तोवर निधी परत जाईल. मग मी 'शिंपल्या आढळल्या नाहीत' असं लिहून दिलं. आढळल्या नव्हत्या, हे खरंच होतं. असल्या खऱ्यावर मी पेन्शन खातो.

भिंतीने पाण्याची ये-जा बदलली. पट्ट्यावर काळा गाळ बसला आणि दोन पावसाळ्यांत शिंपल्या मेल्या.

डिलाईल रोडला आमच्या दारात मासळी घेऊन येणारी कोळीण त्याच पट्ट्यावर वाढलेली. शिंपल्या गेल्यावर ती धक्क्यावरून बोंबील, मांदेली विकत घेऊन फिरू लागली. माझ्या बायकोला म्हणायची, "वहिनी, आमचा माल आता आमीच इकत घेतो." मी आत पेपर धरून बसलेला असायचो. भिंतीचं कोणी ठरवलं, असं तिने एकदा मला विचारलं. वरून आलं, एवढंच मी म्हणालो.

यंदा दुसरा टप्पा आला. भिंतीवर फिरायला रस्ता, बाकं, दिवे. दादरला त्याची सुनावणी होती. कोळणींची मागणी साधी होती: भिंत काढा, आमचा पट्टा मोकळा करा. अधिकारी तरुण, गोड बोलणारा.

"मावशी, पहिल्या पाहणीत तिथे शिंपल्याच नव्हत्या. नसलेलं परत कसं देणार?"

"पाहणीवाल्यांनी चिखलात पाय भरवले असते तर दिसल्या असत्या," आमची कोळीण म्हणाली. मागच्या बाया हसल्या. तो पुरावा मागू लागला.

मी उभा राहिलो. "ती पाहणी माझी. भांगात केलेली. पट्टा दिसणार नाही हे मला माहीत होतं."

"काका, बसा. पाणी घ्या."

"पाणी नको. हे लिहून घ्या."

इतक्या वर्षांनी नीट आठवत नसतं, असं तो मला समजावू लागला. मग मी तेच पुन्हा सांगितलं, आवाज चढवून, त्याच्या कारकुनाने लिहून घेईपर्यंत. शेवटी त्याने फेरपाहणी कबूल केली. अमावस्येला या, सकाळी सहाला, असं बायांनी बजावलं. ऑफिस पावणेदहाला उघडतं, तो म्हणाला. खाडी सहाला उघडते, एकीने सांगितलं.

तज्ज्ञ म्हणून काकांना सोबत घेऊ, असं त्यानेच सुचवलं. तेव्हा कोळणीने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"दाखवायला आमी हाव. ह्यांना चिखलात उतरवू नका."

त्याने लगेच मान्य केलं. त्या दिवशी दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर जमलं.

फेरपाहणी व्हायची आहे. वरचे नाले अजून तसेच काळे वाहतात, आणि भिंत काढली तरी त्या पाण्यात शिंपली जगेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तरीही बाकं आणि दिव्यांसाठी निधी मंजूर होतो, नाल्यांसाठी होत नाही. मंजूर करणाऱ्यांत माझ्या हाताखाली शिकलेले लोक आहेत.

ती आता आमच्या दारात येत नाही. परवा तिची हाक शेजारच्या इमारतीखाली ऐकू आली. बायको पिशवी घेऊन उठली. "तुम्ही खिडकीत येऊ नका," मला म्हणाली, आणि खाली गेली.