घरातून गहू गेला तेव्हा

ज्वारीच्या पिठाची पोळी लाटता येते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण ज्याला सांगावं तो म्हणतो, छे, काहीतरीच, ज्वारी थापायची असते. येते हो लाटता! पाण्याला आधण आणायचं, चिमूटभर मीठ घालायचं, पीठ टाकून झाकण ठेवायचं आणि हात पोळेल इतकं गरम असतानाच मळायचं. गार झालं की संपलं. आमच्या घरी आता रोज हेच चालतं, पण तिथपर्यंत पोचायला आम्हाला काय काय करावं लागलं ते सांगितल्याशिवाय मला राहवतच नाही.

आम्ही अकोल्याला बाबांच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा कचेरीत कारकून. मी नववीत होते, आणि धाकटी बहीण पाच वर्षांची. पाचाची, पण दिसायची तीनाची. पोट माठासारखं पुढे आलेलं, हातपाय काड्या, आणि सारखं पोट बिघडलेलं. रडायला लागली तरी मध्येच थकून गप्प बसायची. शेजारच्या काकू आईच्या तोंडावर म्हणाल्या, "बाई, या पोट्टीत जीव गुंतवू नको व तू." आमच्याकडे बोलणं असंच रोखठोक, मनात वाईट काही नसतं. पण आई त्या दिवशी जेवली नाही.

आणि अशा पोरीला आम्ही काय खाऊ घालायचो? गहू! अशक्त लेकरू आहे ना, मग गव्हाचं सत्त्व करा. सत्त्व पचलं नाही तर रव्याची पेज करा. तीही पोटात राहिली नाही तर दुधात बिस्किट कुस्करा. ती जितकी वाळायची तितका तिच्या वाटीत गहू वाढायचा. प्रेमानं, हं! घरात जे सगळ्यात चांगलं ते तिला.

गव्हावर बाबांचा जीव का होता तेही सांगते. बाबांची आई भातकुलीकडच्या एका खेड्यात दुसऱ्यांच्या घरी राबायची आणि संध्याकाळी पदरात शिळ्या भाकरीचे तुकडे आणायची. मजुरी तीच. बाबा त्या तुकड्यांवर वाढले, त्याच तुकड्यांवर मॅट्रिक झाले. मग नोकरी लागली, छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, आणि त्याच सुमारास त्यांनी आईला सांगून टाकलं, "आता माह्या घरात रोज पोळी. कमी पडली तर आपन दोघं भाकर खाऊ, पन पोट्ट्याईच्या ताटात पोळीच पायजे." घरात बन्सी गव्हाचं पोतं कधी संपलं नाही. कचेरीतही बाबा डबा सगळ्यांच्या मध्ये उघडायचे. पोळी दिसली पाहिजे!

अमरावतीची मावशी एकदा येऊन धाकटीला बघून गेली आणि आईच्या मागेच लागली. "तिले घेऊन ये व तिकडं. आमच्याकडं एक डॉक्टर आला, लेकरायचाच डॉक्टर हाय, बाहेरून शिकून आला." मग एसटीनं आम्ही सगळे अमरावतीला.

डॉक्टरांनी धाकटीला उताणं झोपवून पोट दाबून पाहिलं, वजन केलं, आणि विचारलं, खाते काय? आई मोठ्या अभिमानानं म्हणाली, "सारं गव्हाचंच देतो साहेब. पोळी, रवा, सत्त्व. भाकरीले तर हातबी लावू देत नाई."

डॉक्टर लिहायचे थांबले. "म्हणजे नुसता गहू?"

"नुसता गहू," बाबा म्हणाले.

"मग तोच बंद करा. पोळी, रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किट, सगळं."

"किती दिवस?"

"दिवस नाही हो. कायमचं."

मग त्यांनी फार छान समजावलं. कणीक मळली की रबरासारखी ताणते ना, त्या ताणणाऱ्या चिकटपणानंच हिची आतडी बिघडतात, आणि अन्न अंगी लागत नाही. हा आजार आपल्याकडे फारसा कुणी ओळखत नाही, मीही मोजकीच पोरं पाहिलीत, चुकत असेन तर थोड्या दिवसांत कळेलच, असंही ते सरळ बोलले. "तांदूळ द्या, डाळी द्या, केळं द्या. आणि भाकर द्या. ज्वारीच्या मुलखात राहता, तुम्हाला काय कमी आहे?"

आईचा चेहरा उजळला आणि बाबांचा पडला. परतीच्या एसटीत मूर्तिजापूर आलं. तेव्हा बाबा म्हणाले, "माह्या मायनं जे तुकडे आनले, तेच आता माह्या पोरीनं खावं?"

"तुकडे कायले वो? ताजी करीन. आपल्या चुलीवर, आपल्या पैशाची."



दुसऱ्या दिवशी आईनं इतकी सुंदर भाकर टाकली, टम्म फुगलेली, वर तूप. धाकटीनं ताट ढकललं. "मले पोळी पायजे. भाकर गरीबाईची असते." हे ती कुणाकडून शिकली होती ते घरात सगळ्यांना माहीत होतं. बाबा चपला घालून बाहेर निघून गेले.

मग आईनं आणि मी ठरवलं की हिला पोळीच द्यायची, पण ज्वारीची. पहिल्या दिवशी साधं पीठ भिजवून लाटलं. बेलणं फिरवलं की चिरा, उचललं की तुकडे. तेव्हा मला कळलं की डॉक्टरांचा तो चिकटपणाच पोळीला धरून ठेवतो, आणि ज्वारीत तोच नाही! मग आईनं उकड काढून बघितली. आधी पाणी जास्त, मग कमी, मग एकदाची जमली. जाडसर, कडा फाटलेल्या, पण तव्यावर अख्खी पडली. आम्ही दोघी ओरडलोच.

धाकटीनं उलटून पालटून बघितलं. "हे पोळी नाई. भाकरीले फ्रॉक घातला तुमी."

"मग खाऊ नको," मी म्हटलं.

"फ्रॉक चांगला हाय," म्हणाली आणि खाल्ली.

त्यानंतर आम्हा दोघींना वेडच लागलं. उकरपेंडी आमच्याकडे गव्हाच्या पिठाची असते, ती ज्वारीच्या पिठाची केली. कांदा आणि तेल सढळ हातानं घातलं की फरक कळत नाही, खरंच सांगते. ज्वारीच्या कण्या शिजवून त्यात ताक. शेवयांच्या जागी तांदळाच्या. शिऱ्याच्या जागी मुगाच्या डाळीचा. पुरणपोळी मात्र फसली आणि काय फसली! पुरण भरून लाटायला घेतली तर पोटातून फुटली, तव्यावर गूळ जळला, घरभर धूर, आई खोकतेय, मी खोकतेय, आणि धाकटी टाळ्या पिटतेय. ते पुरण आम्ही वाटीत घेऊन तुपाशी खाल्लं.

टाळ्या पिटतेय म्हटलं ना? त्याआधी तिच्यात तेवढं बळच नव्हतं. हळूहळू पोट बसलं, रात्रीची झोपायला लागली, स्वतःहून "भूक लागली" म्हणायला लागली. हा शब्द तिच्या तोंडून ऐकला की आई हातातलं काम टाकून उठायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई, हे तीच पोट्टी हाय का बदलून आनली?"

आणि दसरा झाल्यावर पुन्हा सगळं उलटलं. तसंच पोट, तसंच किरकिरणं, भरलेले गाल पुन्हा बसायला लागले. आम्ही घाबरून गेलो. आपलं काही चुकतंय, की डॉक्टरच चुकले? की हे असंच वर-खाली होत होत एक दिवस...? तेच सगळ्यांच्या डोळ्यांत दिसायचं.

आईचा संशय बाबांवर गेला. बाबांच्या डब्यात अजून पोळ्याच जात होत्या. "तुमीच चारली तिले. डब्यातली उरली सुरली लपून चारता. मले माहीत हाय तुमाले भाकर पाहवत नाई तिच्या ताटात."

"नाई चारली."

"मग बिमार कावून पडली?"

"म्या नाई चारली म्हनतो ना! ते मरायले टेकली होती, मी कायले चारीन?" एवढा आवाज बाबांनी आईवर कधी चढवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई सैपाकाला बसली तर बाबा पाट घेऊन चुलीजवळ येऊन बसले. बाबा! जे पाणीसुद्धा बाहेरून मागायचे. आई म्हणाली, "अवो सरका, धूर लागंन." बाबा हलले नाहीत. "पाहू दे मले, तिच्या तोंडात काय काय जाते ते."

आणि सुरू झालं. हे काय? मीठ. हे? तेल. ह्या डब्यात? ज्वारीचं पीठ. आई आधी चिडून उत्तरं देत होती, मग तिला हसू यायला लागलं, मला तर ओढणी तोंडात कोंबावी लागली. आईनं उकडीचा गोळा घेतला, ताटलीतल्या पिठात दाबला, पोळपाटावर ठेवला.

"अन् हे कोनतं पीठ?" बाबांनी ताटलीकडे बोट दाखवलं.

"ते पलथन हाय. लाटताना चिकटू नाई म्हनून."

"पन कायचं?"

"कायचं म्हंजे? गव्हाचं, पलथन गव्हाचंच..." आणि आईचा हात बेलण्यावर तसाच राहिला.

लाटता लाटता बाईचा हात आपोआप पिठात जातो, तसा तो जात होता. उकड पोळपाटाला चिकटायची, म्हणून दसऱ्याच्या सुमारास आईनं तुमच्या-माझ्या घरात असते तशीच गव्हाच्या पिठाची ताटली शेजारी ठेवली, पोळ्या पातळ आणि गोल व्हायला लागल्या, आम्ही तिचं कौतुक केलं, आणि ती आणखी पीठ लावायला लागली. पलथन कुणी खाण्यात धरतं का हो? ते तर झटकून टाकायचं पीठ! क्वार्टरच्या अख्ख्या लाइनीत एक बाई असं म्हणाली नसती की पलथन म्हणजे गहू. जो माणूस कधी चुलीपाशी बसला नाही, त्यालाच ते विचारावंसं वाटलं.

आई कपाळाला हात लावून बसली.  आदल्या दिवशी आईनं केलेला आरोप बाबांना आता तिच्यावरच उलटवता आला असता. ते एवढंच म्हणाले, "दुसरं पीठ लाव. ज्वारीचंच."

आईचं डोकं मात्र आता धावायला लागलं. "पोळपाटबी तोच. परातबी. अन् चक्कीवर? तिथं आपल्या आदी कोनी गहू दळला असंन त?" ती उठून उभीच राहिली.

"गहूच काढून टाक घरातून," बाबा म्हणाले.

"अन् तुमचा डबा?"

"भाकर दे."

आईनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा भाकरच म्हणाले.

बन्सीचं पोतं मावशीकडे अमरावतीला गेलं. नवा पोळपाट आला. चक्कीवाले चाचा सकाळी गिरणी झाडून पुसून पहिलं दळण आमच्या ज्वारीचं घ्यायला कबूल झाले, वर म्हणाले, "बिटिया के लिए चक्की तो क्या, तुम बोलो तो दुकान भी धो देंगे." आणि भाकरीचा पहिला डबा नेला त्या दिवशी बाबा संध्याकाळी कचेरीतून आले तेव्हा आम्ही दोघी दारातच.

"काय म्हनले लोक?" आईनं विचारलं.

"एकानं इचारलं, काय साहेब, आज भाकर? म्या म्हनलं, हो. माह्या पोरीले जे चालते ते मले चालते."

"मग?"

"मग काय, अर्धी त्यानंच खाल्ली. झुनका लय आवडला म्हने त्याले."

हिवाळाभर धाकटी अशी सावरली की विचारू नका. आणि एप्रिलात जयंती आली. आमच्या वस्तीत जयंतीची पंगत म्हणजे पुरी, बुंदी, वांग्याची भाजी, वरण-भात. तोपर्यंत कुठल्याच पंगतीत धाकटी बसली नव्हती. आई म्हणत होती घरीच राहू दे, कशाला जोखीम. बाबा म्हणाले, "सारी वस्ती जेवंन अन् ते एकटी घरात बसंन? नाई." आणि थेट आचाऱ्याकडे गेले.

"आदी बुंदी तळा. नव्या तेलात. पुऱ्या मागून, त्याईचं पीठ तेलात उतरते."

आचारी वैतागला. "बाप्पा, एका पोट्टीसाठी सारं उलटं?"

"हो. एका पोट्टीसाठी."

बुंदी आधी तळली गेली. आईनं घरून ज्वारीच्या पोळ्यांची चवड फडक्यात बांधून आणली, भाजीही थोडी घरचीच. धाकटी मांडी घालून पंगतीत बसली, माझ्या शेजारी. पुऱ्यांची टोपली आली तशी तिनं दोन्ही हात पत्रावळीवर धरले आणि मोठ्यानं म्हणाली, "मले पुरी चालत नाई. तुमी खा. मले बुंदी वाढा, लय वाढा!" सगळी ओळ हसली. पलीकडच्या पोरीनं विचारलं, तुझी पोळी अशी काहून? "माही ज्वारीची हाय," ही म्हणाली, आणि एक तोडून तिला अर्धी दिली. मग तिच्या पलीकडच्याला हवी झाली. मग त्याच्या भावाला.

बाबा वरणाची बादली घेऊन वाढत होते. ते आमच्यापर्यंत आले तेव्हा फडकं रिकामं झालं होतं.

"बाबा, अजून पायजे."

"सरल्या व माय. घरी गेल्यावर करून देतो."

"कोन करते? आई तं भांडे घासून राहिली."

"मी करतो."

"तुमाले येते?"

"पाहत तं बसलो होतो तिथं."

अख्खी पंगत हसली, पण बाबांनी घरी आल्यावर खरंच चूल पेटवली, आणि आम्हा दोघींना हात लावू दिला नाही. पाणी कमी पडलं, उकड कोरडी झाली, पोळी तीन जागी फाटली आणि एका बाजूनं करपली. धाकटी पाटावर बसून वाट पाहत होती. तिनं करपलेला भाग काढून बाबांच्या हातात दिला, बाकीची सगळी खाल्ली, आणि म्हणाली, "आता दुसरी. ते चांगली करा."