प्रलयकाका आणि चुकलेला फर्मा

बाजारामागच्या गल्लीत पुस्तकं बांधून देणाऱ्या माणसाला सगळे प्रलयकाका म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. जगबुडी, हुकूमशहा, माणसांवर राज्य करणारी यंत्रं, असलं काही वाचल्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. स्वभाव मात्र इतका हसरा, की वही बांधायला आलेलं गिऱ्हाईक गप्पा मारून वही तिथेच विसरून जाई.

दुःख एकच. त्या कादंबऱ्यांवर बोलायला कोणी नव्हतं. बायको म्हणायची, "नळाला पाणी नाही, आणि तुम्ही आटलेल्या समुद्राची काळजी करा!" उरला समोरचा शिंपी. लहानपणापासूनचा दोस्त, पट्टीचा वाचक, पण त्याला हव्यात खुनाच्या नाहीतर प्रेमाच्या गोष्टी. काकांनी सुचवलेली दोन पुस्तकं त्याने अर्ध्यातून परत आणली होती. तिसरं घेताना त्याने बजावलं, "हे शेवटचं. हेही रडकं निघालं, तर पुन्हा मला काही सुचवायचं नाही."

तिसरं म्हणजे हसायलाही परवाना लागणाऱ्या शहराची गोष्ट. काकांनी ती आपली जुनी प्रत घाईघाईने नव्याने बांधून दिली होती.

आणि एका दुपारी शिंपी ते पुस्तक घेऊन, गळ्यातल्या टेपसकट रस्ता ओलांडून आला. काका स्टोव्हवर चिकटवायची खळ शिजवत होते. हेही परत आलं, असं त्यांनी धरूनच टाकलं.

"लेका, काय पुस्तक आहे!" शिंपी स्टुलावर बसला. "सगळं शहर कोंडलेलं, आणि शेवटी एकदम नावेत माणसं! समोर किनारा! कशी सुटली, त्याचा एक शब्द नाही. डोकं खाजवून दमलो. मग कळलं."

"काय कळलं?"

"त्यांनी पहारेकऱ्यांचे गणवेश शिवले. दुसरं काय! नीट शिवलेल्या गणवेशाला कोणी अडवतं का?"

"नावेत माणसं?" काकांनी पुस्तक ओढून घेतलं, मागची पानं चाळली आणि कपाळावर हात मारला. पुस्तक शिवतात ते पानांच्या गठ्ठ्यागठ्ठ्याने. गठ्ठ्याला म्हणतात फर्मा. त्या दिवशी त्यांनी तशाच मापाची आपली दुसरी, नावेतून जमीन शोधणाऱ्या लोकांची कादंबरीही बांधायला घेतली होती. दोन्हींच्या शेवटच्या फर्म्यांची अदलाबदल झाली होती.

गप्प बसावं, असं क्षणभर वाटलं. दोस्त कधी नव्हे तो खूश होता. पण ज्या गप्पांसाठी जीव इतका तळमळला, त्या थापेवर कशा मारायच्या? त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं.

शिंप्याचा चेहरा उतरला. "मग ती म्हातारी? तोंडावर उशी दाबून हसणारी? ती अजून आतच?"

"तिचं काय होतं ते दुसऱ्या पुस्तकात गेलंय. सांगू?"

"खबरदार! आण ते इकडे. तिला तशी टाकून मला झोप लागेल का? आणि ते नाववाले कोण, तेही आता बघायलाच हवं. अशी आणखी आहेत ना तुझ्याकडे?"

काकांना इतका आनंद झाला, की ते थेट भांडायलाच उठले. "पण तुझ्या त्या गणवेशांना कापड कुठून येणार होतं?"

"पडदे नव्हते का शहरात?"

"पडद्याचा गणवेश? तू शिंपी आहेस की कोण?"

समोर शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाईक पँटसाठी खोळंबलं होतं. इकडे खळ करपून गल्लीभर वास सुटला. शेवटी बायको आतून ओरडली, "अहो, काय जळतंय?"

"काही नाही गं," काका म्हणाले, "पडदे पुरतात का ते बघतोय."